आंबोलीत आहे तो भीमाशंकरात का नाही? (बेडकांविषयी)

चिखल्या (धागाकर्ता)
१४ जुलै, रात्री ११:२०

मंडळी, परवाच आंबोलीहून परत आलो. बूट अजून वाळायचे आहेत, तेवढ्यात लिहून टाकतो. नाहीतर दरवर्षीसारखं राहून जाईल.

सोबत भाचा होता, आठवीतला. सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारावर), उघड्या कातळात, परातीएवढं एक डबकं होतं. हात घातला तर मनगटही बुडेना. त्यात आणि काठाला मिळून चार-पाच आंबोली टोड, भर दिवसा, पावसात ओरडत बसलेले. अंगठ्यापेक्षा थोडे मोठे, अंगावर पिवळट आडवे पट्टे. शास्त्रीय नाव झॅन्थोफ्राइन टायगेरिना, म्हणजे नावातही वाघ आलाच. २००९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि आंबोलीचा परिसर सोडून तो जगात कुठेही नाही. एवढं मी मोठ्या ऐटीत सांगितल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, मग भीमाशंकरला का नाही? तिथे पण डोंगर आहे, पाऊस आहे, जंगल आहे."

मला उत्तर देता येईना. "नसतो रे" म्हणून वेळ मारून नेली. परतीच्या एसटीत मात्र तोच प्रश्न डोक्यात घोळत होता. इथल्या जाणत्यांसाठी तोच मांडतोय. माझं अर्धं-कच्चं उत्तर असं.

आपण म्हणतो बेडूक जंगलात राहतो. माझ्या मते बेडूक पाण्याच्या मुदतीत राहतो. पाऊस किती पडतो यापेक्षा तो किती महिन्यांत वाटून पडतो, आणि पडलेलं पाणी कुठे, किती दिवस थांबतं, यावर कोणत्या डोंगरात कोण नांदणार हे ठरतं. कारण मोठा बेडूक कसाही दिवस काढतो. दगडाखाली जाईल, मातीत पुरून घेईल. अडतं ते अंड्याचं. बेडकाच्या अंड्याला कवच नसतं. ते वाळलं की संपलं.

म्हणून सह्याद्रीतल्या बेडकांकडे बघताना मी आता रंग, डोळे वगैरे नंतर बघतो. आधी विचारतो: बाबा रे, तू अंडी कुठे घालतोस?

मलबारी उडता बेडूक डबक्यावर वाकलेल्या फांदीवर जातो. मादी मागच्या पायांनी फेस घुसळते, ताक घुसळावं तसा, आणि अंडी त्या फेसात. वरचा थर कडक होतो, आत ओल राहते. पिल्लं तयार झाली की खाली पाण्यात टपटप पडतात. याला खाली डबकं हवं आणि ते महिना-दीड महिना टिकायला हवं.

नाइट फ्रॉगना वाहता ओढा लागतो. आपल्या घाटातला निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी (पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलालींच्या नावाचा) ओढ्यावर झुकलेल्या पानावर किंवा ओल्या दगडावर अंडी ठेवतो. याच्या जोडप्याचं वागणं इतकं वेगळं की २०१६ मध्ये त्यावर स्वतंत्र शोधनिबंध आला. नर मादीला मिठी मारत नाही. तिच्या पाठीवर नुसता वाकून, हात पानावर टेकून बसतो.

इंडिराना नावाचे टणाटण उड्या मारणारे बेडूक आणखी पुढचे. त्यांची पिल्लं डबक्यातही नसतात आणि ओढ्यातही. ओल्या कातळावरून पाण्याचा जो पापुद्रा सरकत असतो ना, त्यात ती चिकटून असतात. बोट जवळ नेलं की शेपटीने उडी मारून बाजूला होतात. आंबोलीतल्या एका जातीचं नावच चिरावासी, खडकाच्या चिरांत राहतो म्हणून. हे नाव २०१४ मध्ये ठेवलं गेलं, मराठी माणसांनीच.

आणि बुश फ्रॉग. नखाएवढे, रात्री झुडपातून टिक-टिक करणारे. यांना उघडं पाणीच नको. अंडी ओल्या पालापाचोळ्यात किंवा पानावर. शेपटीवालं पिल्लू हा टप्पा अंड्यातच उरकतो आणि बाहेर येतो तो थेट इवलासा बेडूक. पण म्हणजे पाण्यापासून सुटका झाली असं नाही. डबकं नको, तर हवा ओली हवी, आणि तीही सलग कित्येक आठवडे.

आता आंबोली टोडकडे या. तो डबकंही घेतो तर परातीएवढं. मोठं डबकं म्हटलं की त्यात बाकीचे बेडूक येतात, मासे येतात, खेकडे येतात. परातीत कोणी येत नाही. पण परात आठ दिवस ऊन पडलं की कोरडी. म्हणजे याला असा डोंगर हवा जिथे सपाट कातळ आहे, कातळात खळगे आहेत, आणि जूनच्या मध्यापासून ते खळगे रोज भरले जातात. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, वर दिवसेंदिवस धुकं. हे तिन्ही एकत्र असलेल्या जागा फार नाहीत.

पण मग भीमाशंकर? कातळ तिथेही आहे. इथे माझी गाडी अडते. कोणी पुढे ढकलेल का?

---

टवाळ
१४ जुलै, रात्री ११:४१

पहिला! बूट वाळत घातलेत म्हणालात, आत बघून घ्या, सोबत कोण आलंय का ते.

---

ऋतुगंध
१५ जुलै, सकाळी ७:०५

सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली आहे. ताक घुसळण्याची उपमा फार आवडली. फोटो का नाहीत? पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

मामी_सावंतवाडी
१५ जुलै, सकाळी ९:३०

आमच्या न्हाणीघरात एक बेबो (बेडूक) आहे, तपकिरी, भिंतीला चिकटून असतो. पाऊस लागला की हौदाच्या वरच्या कडेला साबणाचा फेस असतो तसा पांढरा गोळा करून ठेवतो. सून घाण म्हणून धुऊन टाकायची. मी म्हटलं राहू दे. मग खरंच एक दिवस हौदात पिल्लं पडली. हा तुमचा उडता बेडूक का? आणि तो आंबोलीवाला आमच्या खाली सावंतवाडीत का उतरत नाही? पंचवीस-तीस किलोमीटर तर आहे.

---

चिखल्या
१५ जुलै, दुपारी १:१५

मामी, तुमचा पाहुणा उडत्या बेडकाचा चुलतभाऊ, पॉलिपेडेटस मॅक्युलेटस. फेसाची युक्ती तीच, पण याला जंगल लागत नाही. हौद, टाकी, विहीर, शेततळं, काहीही चालतं. म्हणून तो जवळजवळ देशभर आहे. फेसाचा गोळा वाचवलात त्याबद्दल त्याच्या वतीने आभार.

तुमचा दुसरा प्रश्न लाख मोलाचा. आंबोली साधारण सातशे मीटरवर, सावंतवाडी पायथ्याशी. खाली पाऊस कमी आहे असं नाही, पण खाली धुकं नाही, उष्मा जास्त, आणि पावसाने दोन दिवस उघडीप दिली की कातळ तापतो. वरचा खळगा धुक्यात भरलेलाच राहतो, खालचा आटतो. घाट उतरायला आपल्याला तासभर लागतो. त्याला तो घाट म्हणजे समुद्रच. (हा माझा अंदाज, कोणी मोजमाप केलं असेल तर सांगा.)

@ऋतुगंध, फोटो आहेत, पण रात्रीचे सगळे भुतासारखे आलेत.

---

दगडू_मास्तर
१५ जुलै, संध्याकाळी ६:५०

मी भूगोल शिकवायचो, आता निवृत्त. बेडकातलं कळत नाही, दगडातलं थोडं कळतं. तुम्ही पाण्यावर फार भर दिलात, जमिनीचं वय विसरलात.

सह्याद्री तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सोळाशे किलोमीटर, पण तो एकसंध नाही. नाशिकपासून साधारण बेळगाव-गोव्याच्या सीमेपर्यंत आपला काळा बेसॉल्ट. हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेला. बेळगावच्या खाली गेलात की खडक बदलतो, तिथले दगड त्याच्या कितीतरी पट जुने. आता विचार करा. लाव्हा ओतला जात असताना उत्तरेतले ओढे, माती, पालापाचोळा यांचं काय झालं असेल? जे काही तगलं ते दक्षिणेत तगलं असणार. नंतर जमीन थंड झाली, तिच्यावर माती तयार झाली, आणि दक्षिणेकडून एकेक जीव वर सरकत आला. जो सरकू शकला तोच आज आपल्याकडे आहे. बाकीचे तिकडेच राहिले.

हे माझं पदरचं नाही. जाह्नवी जोशी आणि प्रवीण कारंथ यांनी २०१३ मध्ये गोमींच्या वंशावळीवरून हाच प्रश्न तपासला होता, आणि दक्षिण सह्याद्री हे आश्रयस्थान होतं या म्हणण्याला त्यातून दुजोरा मिळाला. गोम काय आणि बेडूक काय, दोघांनाही ओल हवी, आणि दोघांनाही लांब जाता येत नाही.

त्यामुळे भाच्याला सांगा, भीमाशंकर नवीन वसाहत आहे. तिथे अजून सगळे राहायला आलेले नाहीत.

---

पालक्काडची_मराठी
१५ जुलै, रात्री १०:१०

धागा वाचून राहवलं नाही. लग्नानंतर गेली अकरा वर्षं पालक्काडला आहे.

मास्तर, तुमचं लाव्ह्याचं पटतं, पण चिखल्यांचं "मुदत" प्रकरण इथे राहून मला रोज दिसतं. आपल्याकडे पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर, दसऱ्याला छत्री माळ्यावर. इकडे जूनचा पाऊस संपतो न संपतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरचा परतीचा सुरू होतो, आणि एप्रिल-मेमध्येही दुपारी कोसळतो. तिरुवनंतपुरमच्या वरच्या डोंगरांत खरे कोरडे महिने दोन-तीनच. भीमाशंकर-माळशेजला ते सात-आठ होतात. एकूण मिलिमीटर मोजले तर आंबोली इथल्या पुष्कळ डोंगरांना हरवेल. पण बुश फ्रॉगच्या अंड्याला मिलिमीटरशी काय घेणं! सात हजार मिलिमीटर चार महिन्यांत ओतून उरलेले आठ महिने कोरडे काढणं, आणि तीन हजार मिलिमीटर वर्षभर झिरपत राहणं, यात दुसरं त्याला जास्त मानवतं.

आता इथली खिंड. पुण्याहून कोकणात उतरायची सवय असलेल्या माणसाला पालक्काड फार विचित्र वाटतं. कोइम्बतूरला जाताना घाट लागतच नाही! डोंगर मध्येच तुटलेत. तीसेक किलोमीटर रुंद सपाटी, उंची जेमतेम दीडशे मीटर. डिसेंबर-जानेवारीत त्यातून असा सुसाट वारा येतो की दोरीवरचे कपडे शेजाऱ्याकडे. एप्रिलमध्ये पारा चाळीशी गाठतो. उत्तरेला निलगिरी, दक्षिणेला अनैमलै, दोन्ही दोन हजार मीटरच्या वर, थंड, ओली. निलगिरीच्या वरच्या शोला (घळींतल्या बुटक्या, सदाहरित) जंगलातला नखाएवढा बेडूक ही तीस किलोमीटरची भट्टी कशी ओलांडणार? त्यामुळे खिंडीच्या अल्याड-पल्याड जाती बदलतात. एकच आजी, पण नातवंडं वेगळी झालेली.

आणि आमच्या जांभळ्या बेडकाचं नाव कोणी काढलं नाही म्हणून निषेध. नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस, २००३ मध्ये बिजू आणि बोसुइट यांनी जगासमोर आणला. अंग पुरणपोळीच्या उंड्यासारखं, नाक डुकरासारखं. वर्षभर जमिनीखाली वाळवी खातो आणि पहिल्या पावसात काही दिवस वर येतो, अंडी घालून पुन्हा खाली. इथे त्याला पाताळ तवळा म्हणतात (तवळा म्हणजे बेडूक), आणि ओणमला महाबली वर्षातून एकदा येतो तसा येतो म्हणून महाबली बेडूकही. त्याचे जवळचे नातेवाईक कुठे आहेत माहितेय? सेशेल्स बेटांवर. हिंदुस्थानचा तुकडा आणि सेशेल्स एकत्र होते तेव्हाचं नातं, दहा कोटी वर्षांच्या आसपासचं. मास्तर, तुमच्या लाव्ह्याच्या आधीपासूनचा आहे तो.

त्याची पिल्लं धबधब्याच्या कातळाला तोंडाने चिकटून असतात. काही ठिकाणी लोक ती खरवडून आणून खातात.

---

दगडू_मास्तर
१६ जुलै, सकाळी ६:१५

ताई, सेशेल्सचं माहीत नव्हतं. शाळेत असतो तर आजच्या तासाला हेच सांगितलं असतं.

---

टवाळ
१६ जुलै, सकाळी १०:०२

म्हणजे थोडक्यात, हे सगळे कूपमंडूक. एक डोंगर धरून बसलेत, शेजारचा बघितलेला नाही.

---

चिखल्या
१६ जुलै, रात्री ९:४५

टवाळ, तुम्ही गंमत केलीत, पण नेमकं बोट ठेवलंत. आपण कूपमंडूक हा शब्द शिवी म्हणून वापरतो. सह्याद्रीत इतके बेडूक झालेत ते या कूपमंडूकपणामुळेच!

बुश फ्रॉग घ्या. हे थंड, ओल्या उंचीवर राहणारे. हवामान कोरडं झालं की ओलं जंगल डोंगराच्या माथ्याकडे आक्रसतं. माथ्यावरचा बेडूक माथ्यावर अडकतो, शेजारच्या माथ्यावरचा तिकडे. मधल्या दरीत उतरायची सोय नाही. लाखो वर्षं असं राहिलं की दोघांची भाषाही बदलते (शब्दशः, हाक वेगळी होते). विजयकुमार आणि सहकाऱ्यांनी बुश फ्रॉगवर हेच काम केलंय, त्यांचा २०१६ चा निबंध मिळाला तर जरूर वाचा. हिमयुगातले चढउतार, उत्तर-दक्षिण हवामानातला फरक, आणि डोंगरांची तुटक रचना, तिन्ही मिळून जाती घडल्या असा त्याचा मथितार्थ. टोकाचं उदाहरण म्हणजे रावोर्केस्टेस रिस्प्लेन्डेन्स. भडक केशरी, आणि राहतो फक्त केरळातल्या अनैमुडी शिखराच्या माथ्याकडच्या गवताळ भागात. त्याची विहीर तेवढीच.

दक्षिण अमेरिकेतही हेच. अँडीज पर्वतात प्रिस्टिमँटिस नावाचे बेडूक आहेत, तेही अंड्यातून थेट बेडूक काढणारे. त्यांच्या पाचशेहून जास्त जाती माहीत आहेत. आपल्या बुश फ्रॉगशी दूरचंही नातं नाही, पण सूत्र तेच: डबक्याची गरज संपली, डोंगर चढता आला, आणि डोंगराने वेगळं पाडलं.

याच्या अगदी उलट म्हणजे हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा. नावच बघा. डबक्यात, भातखाचरात, कुठेही अंडी घालतो, म्हणून महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक असा पसरलाय. ज्याच्या गरजा कमी त्याचा मुलूख मोठा.

मास्तर, तुमच्या लाव्ह्यावर एक पुरवणी. उत्तरेत जाती कमी हे खरं, पण जे आहेत त्यातले काही दक्षिणेत औषधालाही नाहीत. आंबोली टोड, आणि त्याचा सख्खा भाऊ कोयना टोड (याचं वर्णन १९६३ चं). दोघेही सड्यावरचे. सड्यावरचा जांभा आला कुठून? बहुतेक ठिकाणी तोच बेसॉल्ट पाऊस खाऊन खाऊन कुजला आणि जांभा झाला. म्हणजे ज्या लाव्ह्याने जुनं पुसलं, त्याच्याच कुजण्यातून या दोघांची परात तयार झाली.

---

शंकासुर
१७ जुलै, दुपारी १२:३०

लेख छान, चर्चा छान, पण कोणीतरी पाणी ओतायलाच हवं (विषयाला धरून आहे).

आंबोलीतून इतके नवे जीव का सापडतात? पाऊस आहे, सडा आहे, सगळं मान्य. पण आंबोलीत हॉटेलं आहेत, दारापर्यंत डांबरी रस्ता आहे, रात्री बारा वाजता टॉर्च घेऊन फिरलं तर कोणी हटकत नाही. पुण्या-मुंबईचा संशोधक शुक्रवारी रात्री निघतो आणि शनिवारी बेडकात असतो. आंबोलीच्या दक्षिणेला आणि उत्तरेला किती सडे आहेत जिथे जुलैमध्ये रात्री कोणीही गेलेलं नाही? नकाशावर जिथे बेडूक दिसतात तिथे खरंतर माणसं गेलेली दिसतात.

दुसरं, वेळ. हे प्राणी पावसाच्या सुरुवातीचे मोजके दिवस वर असतात. तुम्ही ऑगस्टच्या शेवटी गेलात आणि म्हणालात "इथे नाही", तर ते खरं धरायचं का? ओक्लँड्रा बांबूच्या पेरात अंडी घालणारा तो बुश फ्रॉग, रावोर्केस्टेस कॅलॅझोडेस, शंभराहून जास्त वर्षं कोणाला दिसला नव्हता. २०११ मध्ये सापडला. तो काय शंभर वर्षं रजेवर होता?

---

चिखल्या
१७ जुलै, रात्री ८:२०

शंकासुर, मुद्दा बिनतोड. माझी स्वतःची यादी काढून बघितली. सोळा पावसाळ्यांत आंबोलीला अकरा वेळा गेलोय, तिलारीच्या वरच्या सड्यांवर एकदा, आणि तेही सप्टेंबरात. लाज वाटली.

तरी भीमाशंकर-महाबळेश्वरबद्दल मी "नाही" असंच म्हणेन. तिथे माणसं पिढ्यानपिढ्या बेडूक शोधतायत. भर दिवसा, उघड्या कातळावर ओरडणारा पिवळा टोड चुकून राहील असं वाटत नाही. मधल्या सड्यांबद्दल मात्र शपथ घेणार नाही.

देवगांडुळांचं तर आणखीच अवघड. (नवीन वाचकांसाठी: दिसायला गांडूळ, पण कणा आणि दात असलेला, बेडकाच्याच गोत्रातला उभयचर.) गेजेनिओफिस डॅनिएली २००३ मध्ये आंबोलीतून, इंडोटायफ्लस महाराष्ट्राएन्सिस २००४ मध्ये कोयनेजवळच्या हुंबरळीतून, गेजेनिओफिस म्हादेइएन्सिस २००७ मध्ये म्हादई खोऱ्यातून. शेतकऱ्याच्या कुदळीला रोज लागत असतील, पण तो म्हणतो गांडूळ किंवा सापाचं पिल्लू. यांचा "मुलूख" आपण काय डोंबलाचा ठरवणार.

---

वाळपईकर
१८ जुलै, सकाळी ११:००

गोव्यातून लिहितोय. तुमच्या नाजूक जातींबद्दल वाचून बरं वाटलं, पण आमच्याकडे पहिल्या पावसात पेट्रोमॅक्स (आता एलईडी) घेऊन निघणारे शोधतात तो मोठा बेडूक, होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. पहिल्या सरीला पिवळाधमक होतो आणि शेतात ओरडत बसतो, आयताच सापडतो. "जंपिंग चिकन" म्हणून ताटात. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, १९८७ मध्ये देशातून बेडकाच्या तंगड्यांची निर्यातही बंद झाली. तरी जूनमध्ये दबक्या आवाजात विचारणा होतेच. माझे वडील खायचे, मी लपवत नाही. मी सोडलं.

धाग्याला फाटा फोडतोय असं वाटेल, पण हाही "मुदती"चाच मामला आहे. वर्षभराची वीण त्या आठ-दहा रात्रींत, आणि आमची शिकारही त्याच रात्रींत.

---

कातळकोरा
१८ जुलै, रात्री ११:५५

राजापूर तालुका. आमच्या सड्यावर आता परात राहिलेली नाही.

सांगतो. लहानपणी शाळेत जाताना सडा ओलांडायचो. जुलैत पाय टाकू तिथे पाणी, आणि प्रत्येक खळग्यात काळी पिल्लं वळवळत असायची. सात-आठ वर्षांपूर्वी शेजारच्या जमिनीचे मालक बदलले. कातळाला सुरुंग लावून ओळीने खड्डे पाडले, खालून डंपरने माती आणून भरली, हापूसची कलमं लावली. त्यांची जमीन, त्यांचा पैसा, मी काय बोलणार. कागदावर ती जागा आधीपासून पोटखराबाच होती, म्हणजे तिथे काही नव्हतंच! आता पाणी सगळं त्या खड्ड्यांत मुरतं. सड्यावर उभं राहत नाही. पाऊस तेवढाच पडतो.

तुम्ही लोक म्हणता पावसाचं, लाव्ह्याचं, कोटी वर्षांचं. आमच्याकडे एका मेमध्ये झालं ते.

---

मामी_सावंतवाडी
१९ जुलै, सकाळी ८:१०

कातळकोरा, आमच्या माहेरी दोडामार्गाकडे तेच, फक्त हापूसच्या जागी रबर. चीक जमा करायला पहाटे बाया जातात, त्या सांगतात आत आवाजच नाही. व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठची जंगली जायफळाची झाडं तेवढी उरलीत, पाय रुतणारी जागा आहे, देवाची म्हणून कोणी तोडत नाही. तिथे मात्र रात्री कान फुटतात.

---

नवखी_निशा
१९ जुलै, दुपारी ३:३०

बेडकांना कसलीतरी बुरशी होते आणि त्याने जाती नष्ट झाल्या असं वाचलं होतं. आपल्याकडे आहे का?

---

पालक्काडची_मराठी
१९ जुलै, रात्री ९:००

आहे. कायट्रिड बुरशी. कातडीत वाढते, आणि बेडूक कातडीतूनच पाणी-क्षार घेतो, म्हणून घातक. मध्य अमेरिकेतल्या थंड ओल्या डोंगरांत तिने हाहाकार केला. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर ती असल्याची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, पण इथे तसे मेलेल्या बेडकांचे ढीग दिसलेले नाहीत. म्हणून निष्काळजी राहू नका. एका ओढ्यातून दुसऱ्या डोंगरात जाताना बूट धुऊन, वाळवून न्या. चिखल्या, हे तुम्हाला उद्देशून आहे.

---

चिखल्या
१९ जुलै, रात्री ९:२५

बूट उद्याच धुतो.

---

चिखल्या
२१ जून (पुढील वर्ष), रात्री १०:४०

धागा वर काढतोय, माफी असावी.

शंकासुरांचं ऐकून या वेळी आंबोली सोडून दक्षिणेकडच्या दोन सड्यांवर गेलो, भाच्यासकट. (तो आता नववीत, आणि वहीत तापमान लिहितो.) जागा मुद्दाम सांगत नाही. आंबोली टोड दिसला नाही. दोन रात्री, एक दिवस. एवढ्यावर "नाही" लिहिणार नाही, वहीत "दिसला नाही" लिहिलंय.

पण एक गोष्ट बघितली. मृगात पाऊस चांगला झाला आणि मग सहा दिवस दडी मारली. आम्ही पोचलो तेव्हा सड्यावरचे उथळ खळगे सुकत आले होते. एका खळग्यात कुठल्यातरी बेडकाची अंडी कातळाला चिकटून वाळलेली, भाताची पेज सांडून सुकावी तशी. वीतभर अंतरावर दुसरा खळगा, वर कारवीच्या झुडपाची सावली. त्यात दोन बोटं पाणी आणि पन्नासेक पिल्लं एकमेकांवर चढलेली. भाच्याने पट्टीने मोजलं. पहिल्याची खोली तीन सेंटीमीटर, दुसऱ्याची पाच.

रात्री साडेबाराला पाऊस आला.